‘ऑफ’ म्हणजे बंद नव्हे, सुटणं

संध्याकाळी मी नोकरदार मंडळींना इंग्रजी संभाषण शिकवते. मागे एकदा फळ्यावर साधंसं वाक्य लिहिलं आणि त्याचं मराठी करायला सांगितलं: ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह.’ चौदापैकी अकरा जणांनी लिहिलं, ‘पाच वाजता गजर बंद पडला.’ खरा अर्थ बरोबर उलटा आहे. पाच वाजता गजर वाजला.

वर्गात एक सिस्टर आहेत. अतिदक्षता विभागात रात्रपाळी करतात. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, “मॅडम, आमचे नवे डॉक्टर फोनवर इंग्रजीतच बोलतात. मॉनिटरचा अलार्म ‘वेंट ऑफ’ असं कुणी म्हणालं आणि तो बंद झाला समजून मी बसून राहिले, तर?”

त्या प्रश्नानंतर मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि पुढचे तीन तास याच एका शब्दाला दिले. ‘ऑफ’ आपल्याला नवा नाही. लाइट ऑफ, फोन स्विच्ड ऑफ, मूड ऑफ, ‘आज माझा ऑफ आहे’, हे सगळं शाळेत न गेलेली आजीसुद्धा बोलते. तरीही बातमीत ‘बँकांनी इतक्या कोटींची कर्जं राइट-ऑफ केली’ असं आलं की निम्मे वाचक ते ‘कर्जं माफ केली’ असं वाचतात आणि पेटून उठतात. गजराची चूक आणि कर्जाची चूक एकाच जागी होते. ‘ऑफ’ म्हणजे ‘बंद’ असं आपण लहानपणी पाठ केलं आणि पुढे कधी तपासलं नाही.

बटणाचं झाकण उघडलं तर

आमच्या जुन्या घरात भिंतीवर काळी गोल बटणं होती. वडिलांनी एकदा मेन स्विच पाडला आणि एका बटणाचं झाकण फिरवून आत दाखवलं. आत पितळेच्या पट्ट्या. दांडी खाली केली की एक पट्टी दुसरीला जाऊन टेकायची. वर केली की सुटायची आणि मध्ये बोटाच्या नखाएवढी फट राहायची. “एवढी फट पडली की वीज पलीकडे जात नाही,” वडील म्हणाले.

‘ऑफ’ हे त्या फटीचं नाव आहे. पट्टी पट्टीपासून सुटली, ही मूळ गोष्ट. दिवा गेला, हा तिचा परिणाम. आपण परिणाम तेवढा पाठ केला.

‘ऑन’चं याच्या उलट. ‘ऑन’ म्हणजे टेकलेलं, लागलेलं. आपण तरी काय म्हणतो? दिवा लाव, पंखा लाव, टीव्ही लाव, चष्मा लाव. इंग्रज या चारही ठिकाणी ‘ऑन’ वापरतो. चष्मा उतरवायचा तर ‘टेक ऑफ’. तिथे बंद होण्यासारखं काहीच नसतं, चष्मा फक्त नाकापासून सुटतो.

‘अप’ या उपसर्गाचा सख्खा नातलग

‘ऑफ’ आणि संस्कृतातला ‘अप’ हा उपसर्ग एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळातून आलेले आहेत. अपहरण म्हणजे दूर नेणं. अपवाद म्हणजे नियमापासून बाजूला पडलेलं. अपकेंद्री म्हणजे केंद्रापासून दूर जाणारं. लॅटिनमधला ‘अब’ आणि जर्मनमधला ‘आब’ हेही याच घरातले. जर्मनीत राहणारे आपले लोक रोज स्टेशनवर ‘आबफार्ट’ अशी पाटी वाचतात, म्हणजे गाड्या सुटण्याची बाजू. या सगळ्या भावंडांमध्ये समान अर्थ एकच: पासून दूर.

इंग्रजीतले ‘ऑफ’ दोन. ‘कप ऑफ टी’मधला एका एफचा आणि ‘स्विच ऑफ’मधला दोन एफचा. मुळात हा एकच शब्द होता. जोर देऊन उच्चारला की एक रूप, ओझरता उच्चारला की दुसरं, असं होत होत दोन वेगळे शब्द झाले आणि सतराव्या शतकापर्यंत त्यांची वाटणी पक्की झाली. आज एका एफच्या शब्दाचा उच्चार ‘अव्ह’च्या जवळ जातो. आपण दोन्हींना ‘ऑफ’च म्हणतो. त्याने बिघडत काही नाही, पण लिहिताना गल्लत होते ती इथेच.

मराठीत याला जोडीदार आहे

शब्दकोशात ‘ऑफ’खाली ‘बंद, दूर, वेगळे, रद्द, सवलत, रजा’ अशी रांग दिसते आणि माणूस हबकतो. माझा अनुभव असा की रांग सोडावी आणि एक मराठी क्रियापद हाती धरावं: सुटणे.

गाडी सुटली. इंग्रजीत ‘सेट ऑफ’. बंदुकीची गोळी सुटली, ‘द गन वेंट ऑफ’. बटण सुटून हातात आलं, ‘केम ऑफ’. आरोपी सुटला, ‘गॉट ऑफ’. काकांची तंबाखू सुटली, तर ते आता ‘ऑफ टोबॅको’ आहेत. कामातून एक दिवस सुटलो तर तो ‘डे ऑफ’, आणि त्याला आपला शब्द कोणता? सुट्टी. दुकानदाराने किमतीतून दोनशे रुपये सोडले तर पाटीवर ‘दोनशे ऑफ’, आणि आपला शब्द? सूट. सूट, सुट्टी आणि सुटणे हे एकाच क्रियापदाचे धागे आहेत, हे आपल्या ध्यानातही येत नाही इतके ते अंगवळणी पडले आहेत. इंग्रजाचं ‘ऑफ’बाबत तेच होतं. त्याला हे सहा अर्थ वाटतच नाहीत.

मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा फार आनंद झाला होता. परकी भाषा शिकताना आपण घरची भाषा बाहेर ठेवून जातो. इथे घरच्याच भाषेत किल्ली होती.

पण तोच शब्द वाजतोही आणि बंदही होतो, हे कसं?

ही शंका वर्गात लगेच आली. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे वाजला, ‘द लाइट वेंट ऑफ’ म्हणजे गेला. शब्द तेच, घडलं उलट.

इथे एकच विचारायचं: सुटायच्या आधी ती वस्तू कोणत्या स्थितीत होती? चावीचं जुनं गजराचं घड्याळ आठवा. चावी दिली की स्प्रिंग आवळली जाते, पण घंटेवरची हातोडी खिट्टीला अडकवून ठेवलेली असते. ठरलेली वेळ आली की खिट्टी सरकते, हातोडी सुटते आणि घंटा बडवायला लागते. बंदुकीत घोडा अडकलेला असतो. फटाका, बॉम्ब, भोंगा, गाडीतली एअरबॅग, सगळ्यांची गत तीच. आत काहीतरी दाबून धरलेलं असतं आणि ते सुटतं. म्हणून ‘वेंट ऑफ’.

दिवा, हीटर, एसी यांचं उलट. ते मुळात चालू असतात, विजेला लागलेले असतात. ते सुटले म्हणजे विजेपासून सुटले, म्हणून गेले.

गजर बंद केला असं सांगायचं असेल तर क्रियापद बदलतं: ‘आय टर्न्ड ऑफ द अलार्म’. ब्रिटिश इंग्रजीत ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ असंही ऐकू येईल. म्हणजे दूध नासलं, चांगल्या स्थितीपासून ढळलं. मराठीत तिथे ‘सुटणे’ चालत नाही, पण चित्र तेच.

पत्त्यात, समुद्रात, मैदानात

पुण्या-मुंबईचे पत्ते पाहा. ‘ऑफ कर्वे रोड’, ‘ऑफ वीरा देसाई रोड’. पार्सल आणणारा नवा मुलगा मुख्य रस्त्यावरच दोन फेऱ्या मारतो आणि मग फोन करतो. इमारत त्या रस्त्यावर नसते. त्या रस्त्यापासून फुटलेल्या गल्लीत असते, एवढंच ‘ऑफ’ सांगतो. ‘ऑफशोअर’ म्हणजे किनाऱ्यापासून दूर. १९७४ मध्ये सापडलेलं बॉम्बे हायचं तेलक्षेत्र मुंबईच्या किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत समुद्रात आहे.

क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या पायांची बाजू ती लेग साइड आणि पायांपासून दूरची ती ऑफ साइड. तिथे टप्पा पडून आत वळणारा तो ऑफ ब्रेक. फुटबॉलमधल्या ‘ऑफसाइड’शी याची गल्लत करू नये. तिथे ‘साइड’ म्हणजे संघ. १८४५ च्या रग्बी शाळेच्या लेखी नियमांत ‘ऑफ हिज साइड’ असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे स्वतःच्या संघापासून सुटून पुढे गेलेला खेळाडू. दोन खेळ, एकच शब्द, आणि ‘साइड’चे अर्थ दोन.

ऑफिसचा मेल आणि ‘ले-ऑफ’

मीटिंग ‘पुट ऑफ’ झाली म्हणजे पुढे ढकलली. ‘कॉल्ड ऑफ’ म्हणजे रद्द. ‘किक्ड ऑफ’ म्हणजे सुरू झाली. तीनही ठिकाणी ‘बंद’ लावून बघा, निम्मा वर्ग चुकीच्या दिवशी ऑफिसात पोहोचेल. साहेबांनी कागद ‘साइन ऑफ’ केला म्हणजे सही करून आपल्या हातातून सोडला, मंजूर केला.

‘ले-ऑफ’वर मात्र थांबायला हवं, कारण इथे पोटाचा प्रश्न आहे. आयटी कंपन्यांच्या बातम्यांत ‘ले-ऑफ’ म्हणजे नोकरीवरून कायमचं काढणं. भारतीय कायद्यात त्याचा अर्थ तो नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ले-ऑफची व्याख्या केली ती अशी: कोळसा, वीज किंवा कच्च्या मालाचा तुटवडा, माल साचून राहणं, यंत्र मोडणं किंवा नैसर्गिक आपत्ती अशा कारणांमुळे मालक कामगाराला काम देऊ शकत नाही, पण कामगाराचं नाव हजेरीपटावर कायम आहे आणि त्याला कमी केलेलं नाही. कामापासून सुटला, नोकरीपासून नाही. या काळात पात्र कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. बदली आणि नैमित्तिक कामगार यातून वगळलेले आहेत. कायमच्या कपातीला कायद्यात वेगळा शब्द आहे, ‘रिट्रेंचमेंट’, आणि तिच्या नोटिशीचे, भरपाईचे नियमही वेगळे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा फरक राखलेला आहे.

माझ्या वर्गात एमआयडीसीतले दोघे आहेत. हातात आलेल्या पत्रावर ‘ले-ऑफ’ लिहिलंय की ‘रिट्रेंचमेंट’, की नुसतं गोड भाषेत काहीतरी, हे आधी बघा, असं मी त्यांना कळकळीने सांगितलं. मालक आपल्याला काय देणं लागतो ते त्या एका शब्दावरून ठरतं.

‘राइट-ऑफ’: वहीतून गेलं, डोक्यावर राहिलं

गावातल्या किराणा दुकानदाराची उधारीची वही डोळ्यासमोर आणा. एक गिऱ्हाईक आठ हजारांची उधारी ठेवून गाव सोडून गेलं. दुकानदार दोन वर्षं ते नाव वहीत पुढे पुढे ओढत राहतो. एकूण येणं मोठं दिसतं, पण त्यातले आठ हजार येण्याची आशा नसते. शेवटी दिवाळीला नवी वही घालताना तो ते नाव नव्या वहीत उतरवत नाही. आपल्या नफ्यातून तेवढा खड्डा भरून काढतो आणि पुढे जातो. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: बुडीत खाती टाकणं.

पण तो माणूस चार वर्षांनी जत्रेला गावात दिसला तर दुकानदार त्याला हटकणार नाही का? हटकणारच. नवी वही घातल्याने त्या माणसाचं देणं फिटलेलं नाही.

बँकेचं ‘राइट-ऑफ’ हेच. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की कर्ज ‘अनुत्पादित’ ठरतं. मग बँकेला आपल्या नफ्यातून दरवर्षी त्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात, त्याला तरतूद म्हणतात. तरतूद पुरती झाली की ते कर्ज ताळेबंदातून काढता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मुख्य कार्यालयाच्या पातळीवर कर्ज राइट-ऑफ केलं तरी शाखेच्या वहीत ते येणं म्हणून राहू शकतं. कर्जदार देणेकरीच राहतो. जामीनदार, गहाण मालमत्ता, न्यायालयातला दावा, सगळं जागच्या जागी. मराठीत याला ‘निर्लेखन’ म्हणतात. कानाला जड आहे, पण शब्द अचूक आहे: लेखातून काढलं.

कर्जमाफी वेगळी. २००८ ची केंद्राची शेतकरी कर्जमाफी किंवा २०१९ ची महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांत सरकारने तिजोरीतून बँकांचे पैसे चुकते केले आणि शेतकऱ्याचं तेवढं देणं खरोखर संपलं. तिथे माणूस सुटला. निर्लेखनात ताळेबंद सुटतो.

एप्रिल २०२० मध्ये हा घोळ देशभर झाला. माहितीच्या अधिकारात रिझर्व्ह बँकेने दिलेल्या उत्तरातून कळलं, की ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत ५० बड्या हेतुपुरस्सर कर्जबुडव्यांची ६८,६०७ कोटी रुपयांची कर्जं राइट-ऑफ झाली होती. ‘माफ केली’ असा गदारोळ उठला. सरकारचं उत्तर आलं, ही माफी नव्हे. भाषेपुरतं बोलायचं तर सरकारचं म्हणणं बरोबर होतं.

“मग वसूल कुठे होतं?”

हा प्रश्न रास्त आहे आणि शब्दाचा अर्थ सांगून तो झटकता येत नाही. राइट-ऑफ केलेल्या कर्जातली वसुली बहुतेक वेळा रकमेच्या मानाने तुटपुंजी असते. त्यासाठी बाजूला काढलेली तरतूद बँकेच्या नफ्यातून गेलेली असते, आणि सरकारी बँकेचा नफा हा शेवटी लोकांचा पैसा आहे. तेव्हा रागवायला कारण आहे. फक्त राग योग्य जागी हवा. ‘माफ का केलं?’ असं विचारलं तर ‘माफ केलंच नाही’ म्हणून प्रश्न तिथेच मिटवता येतो. ‘त्या ६८,६०७ कोटींतले वसूल किती झाले?’ असं विचारलं तर आकडा द्यावा लागतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना बातम्या वाचायला लावते ती या दुसऱ्या प्रश्नासाठी.

साध्या माणसालाही या शब्दाचा फटका बसतो. माझ्या मावसभावाने तरुणपणी दुचाकीसाठी कर्ज घेतलं होतं. नोकरी गेली आणि शेवटचे पाच हप्ते राहिले. बँकेचे फोन काही दिवसांनी थांबले. सात वर्षांनी घरासाठी अर्ज केला, तेव्हा सिबिलच्या अहवालात त्या जुन्या कर्जापुढे ‘रिटन-ऑफ’ असं लिहिलेलं होतं. तो मला कागद दाखवून म्हणाला, “ताई, हे बरं झालं ना? बँकेनेच ऑफ केलंय.” मला त्याला समजावताना वाईट वाटत होतं. घरकर्ज देणारा बँकवाला तो शब्द ‘या माणसाने पैसे बुडवले’ असा वाचतो. त्याचा अर्ज नामंजूर झाला. मग त्याने जुन्या बँकेत जाऊन राहिलेली रक्कम व्याजासह भरली, थकबाकी नसल्याचा दाखला घेतला आणि अहवालात दुरुस्ती व्हावी म्हणून मागे लागला. घराचं काम त्यात लांबलं. पाच हप्ते तेव्हाच भरून टाकणं त्याला अगदीच अशक्य नव्हतं. ते देणं संपलं, असं तो धरून चालला होता.

सगळं ‘सुटण्या’त बसतं का?

नाही. ‘वेल ऑफ’ म्हणजे खाऊनपिऊन सुखी, हा अर्थ ‘सुटणे’ लावून चटकन निघत नाही. ‘शो ऑफ’मधला मिरवण्याचा अर्थही तसाच पाठ करावा लागतो. ‘पे ऑफ’, ‘फिनिश ऑफ’ यांत ‘ऑफ’ काम पुरतं तडीला नेल्याचं सांगतो. ‘कर्ज फेडून टाकलं’, ‘संपवून टाकलं’ यातल्या आपल्या ‘टाकणे’सारखा. गंमत अशी की ‘पे ऑफ’ आणि ‘राइट-ऑफ’ दोन्हींत कर्ज आणि ‘ऑफ’ असूनही पहिल्यात ऋणको मोकळा होतो, दुसऱ्यात नाही. फरक क्रियापदाने पडतो: एकात पैसे दिले जातात, दुसऱ्यात नुसतं लिहिलं जातं.

आणि ‘मूड ऑफ’ हा आपला स्वतःचा प्रयोग. इंग्रज असं सहसा म्हणत नाही. त्यासाठी मुलांनी खंत करू नये. मराठीत तो रुळला आहे, मराठी बोलताना खुशाल वापरावा.

सिस्टरांचा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नव्हता. दोन आठवड्यांनी त्या वर्गाआधी आल्या आणि रात्रपाळीच्या नोंदवहीतल्या एका पानाचा त्यांनी हाताने उतरवलेला नमुना दाखवला. पूर्वी त्या रकान्यात ‘अलार्म ऑफ’ एवढंच लिहीत. ते वाचून सकाळच्या पाळीला वाजला की बंद केला, काहीच कळायचं नाही. आता त्यांनी दोन रकाने आखले होते: ‘अलार्म वाजला’ आणि ‘अलार्म शांत केला’. दोन्हींपुढे वेळ आणि सही. पहिलीच नोंद होती, ३.१० आणि ३.११.